अकराची कॉफी

मी काय काम करते हे कळलं की लोक मला एकच प्रश्न विचारतात. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी मी तोंड उघडं ठेवून बसलेली असताना विचारला. "कॉफी चांगली की वाईट?" चहाबद्दल कुणी विचारत नाही. चहा वाईट आहे हे सगळ्यांनी मान्य केलेलं आहे आणि तो सोडायचा नाही हेही ठरलेलं आहे. कॉफीबद्दल मात्र लोकांना अजून आशा आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे. बेळगावातल्या एका खाजगी रुग्णालयात नोकरी करते आणि दर बुधवारी निपाणीच्या एका धर्मादाय दवाखान्यात बसते. आहारतज्ज्ञ म्हणजे वजन कमी करून देणारी बाई, असा समज आहे. तशी माणसं येतात, पण थोडी. जास्त येतात ती साखरेची, किडनीची, गरोदर बायका, आणि ऑपरेशननंतर काय खायचं हे विचारायला आलेले नातेवाईक. कुणी काय खावं हे सांगणं सोपं आहे, ते पुस्तकात असतं. अवघड असतं ते माणूस सध्या काय खातो हे शोधून काढणं. कारण खाण्याबद्दल सगळे खोटं बोलतात. फसवायला नाही. शेजारी सासू बसलेली असते, नवरा बसलेला असतो, किंवा मी बसलेली असते. म्हणून "काय खाता?" असं मी विचारतच नाही. "आज उठल्यावर पहिल्यांदा काय केलंत?" इथून सुरू करते आणि त्या माणसाच्या दिवसातून हळूहळू चालत जाते. खाणं मधे मधे आपोआप येतं. माझं शिक्षण सगळं इंग्रजीत झालं आणि स्वभाव गप्प बसण्याचा. या कामात गप्प बसण्याचा फार उपयोग होतो. समोरच्याला शांतता सहन होत नाही आणि तो खरं बोलून टाकतो.

शहापूरचे एक वकीलकाका दर दोन महिन्यांनी येतात, काकूंना घेऊन. वर्तमानपत्रातलं कात्रण खिशात असतंच.

"हे वाचा. कॉफीनं आयुष्य वाढतं, असं लिहिलंय."

"मागच्या वेळी आयुष्य घटतं म्हणून आणलं होतं," काकू म्हणाल्या.

"ते दुसऱ्या पेपरात होतं. मॅडम, तुम्ही मला फक्त एका ओळीचं लिहून द्या. दिवसातून सहा कप चालतील. शिक्का मारा. मी फ्रेम करून स्वयंपाकघरात लावतो."

मी त्यांना दोन कप लिहून दिले. त्यांनी अपील करीन म्हणून सांगितलं.

पिरनवाडीच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. थायरॉईडची गोळी वर्षभर नियमानं घेत होत्या, तरी रिपोर्ट सुधारत नव्हता. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला होता. मी त्यांच्या सकाळपासून सुरुवात केली. उठल्या, तोंड धुतलं, फिल्टर कॉफीचा पेला घेतला आणि त्याच्या पहिल्या घोटाबरोबर गोळी. "उपाशीपोटी घ्या म्हणाले होते ना, म्हणून कॉफीच्या आधी काही म्हणजे काही खात नाही मी," त्या अभिमानानं म्हणाल्या. गोळी पाण्याबरोबर आणि कॉफी तासाभरानं, एवढंच सांगितलं. पुढचा रिपोर्ट चांगला आला. त्यांनी मला पेढे आणून दिले, जे मी लोकांना खाऊ नका म्हणून सांगते.

या गोष्टी मी चारचौघांत हसत सांगते. निपाणीची गोष्ट सांगत नाही. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, म्हणून इथे लिहिते आहे. नावं अर्थातच बदलली आहेत.

रेणुका माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिला सहावा महिना संपत आला होता. पहिलं मूल जगलं नव्हतं, आणि त्यानंतर लगेच हे दुसरं. ओठ पांढरे, नखं पांढरी, जिना चढून आली तर बोलायला जरा वेळ लागला. हिमोग्लोबिन सातच्या खाली. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दोन महिन्यांपूर्वीच सुरू केल्या होत्या आणि त्या काळात आकडा जवळजवळ हलला नव्हता. बाळंतपणात रक्त जाणारच असतं. ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त नाही, तिला ते जाणं परवडत नाही. तेवढी साधी आणि तेवढी भयंकर गोष्ट होती, आणि ती आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती.

"गोळ्या टाकून देत असणार," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "विचारून बघ. माझ्याशी बोलत नाही ती."

बरोबर सासू होती. गंगाक्का. साठीच्या आसपासची, काटक, दोन्ही हातांची बोटं तंबाखूनं पिवळी काळी पडलेली. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांचे हात असेच असतात. गल्लीतली कुणीही बाई दवाखान्यात यायची असली की गंगाक्काच तिला घेऊन यायची, त्यामुळे आमच्या दवाखान्यात तिला सगळे ओळखत.

"टाकून देती?" गंगाक्का माझ्यावरच उसळली. "मॅडम, माझ्या या हातानं गोळी तिच्या तोंडात घालतो मी. गिळूस्तर हलत न्हाय समोरनं. इचारा तिला."

रेणुका हसली. "व्हय वो. तोंड उगडून जीभ पन बघत्यात. पोलीसच हाईत आमच्या आत्ती."

मी तिच्या दिवसाची सुरुवात केली. तिनं भाकरी, भाजी, डाळ, सगळं व्यवस्थित सांगितलं, पुस्तकात असतं तसं. सासू मान हलवत होती. मग रेणुकाच मला निरखून बघत म्हणाली, "मॅडम, तुमीच लई बारीक हाईसा. तुमाला कोन सांगतंय वो खायाला?"

मी वहीचं पान उलटलं. गंगाक्कानं तिला कोपर मारलं आणि मला म्हणाली, "तुमचा इस्वास बसत नसंल तर घरला चला. गल्लीच्या तोंडाला तर हाय दवाखाना. बघा काय खाती, काय न्हाय."

पेशंटच्या घरी आम्ही जात नाही. पण पुढच्या बुधवारी सकाळी पेशंट कमी होते, आणि गंगाक्का स्वतः न्यायला आली. मी गेले.

विडीचं काम मी जवळून पहिल्यांदा पाहिलं. एका पडवीत पाच-सहा बायका भिंतीला टेकून बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. बोटांकडे कुणी बघत नव्हतं. बोलणं चालू होतं, बोटं वेगळीच चालली होती. मजुरी नगावर, म्हणून थांबणं महाग. रेणुका पोटामुळे सूप मांडीवर ठेवू शकत नव्हती, तिनं ते उलट्या घातलेल्या पाटीवर ठेवलं होतं.

बाहेरच्या माणसाला कळत नाही अशी गोष्ट त्या पडवीत मला कळली. तंबाखू बोटांना लागली की बोटं कडू होतात. त्या हातानं भाकरी मोडली तर भाकरी कडू. नुसत्या पाण्यानं ते जात नाही, लिंबाची साल आणि साबण लावून चोळावं लागतं, त्यात वेळ जातो, आणि पुन्हा सुपात हात घातला की सगळं वाया. म्हणून या बायका कामाच्या मधे हात नुसत्या पाण्यानं धुतात, तेही एकदाच, अकराच्या सुमाराला. तेव्हा कॉफी येते. कोरी, गुळाची, पुडीतली पावडर टाकलेली, कडकडीत. आळीपाळीनं एकेका घरातून. चहा पूर्वी होता, पण चहानं पित्त होतं असं कुणीतरी सांगितलं आणि कॉफी भूक जास्त मारते हे त्यांना स्वतःलाच कळलं. पेला बाहेरून धरायचा, घोट घ्यायचा, बोटं तोंडाला लागायचा प्रश्न नाही. भाकरी मग एकदम संध्याकाळी, काम मोजून दिल्यावर.

रेणुकानं मला सांगितलेली भाजीभाकरी खोटी नव्हती. ती फक्त संध्याकाळची होती.

आणि अकरा वाजता, हात धुतलेले असतात तेव्हाच, गोळी. मी बघत होते. गंगाक्कानं सुनेचे हात स्वतः चोळून धुतले, पदरानं पुसले, पाकीट फोडून गोळी तिच्या जिभेवर ठेवली आणि पेला तिच्या ओठाला लावला. "गरम गरम घे. वर यायची न्हाय." लोहाच्या गोळीनं मळमळतं. पाण्याबरोबर दिली तर रेणुका ओकायची, कॉफीबरोबर राहायची. म्हणून गंगाक्कानं ही युक्ती काढली होती, आणि ती पडवीतल्या सगळ्या बायकांना शिकवली होती. सरकारी गोळ्या मिळालेल्या सगळ्याजणी गोळी कॉफीबरोबरच घेत होत्या.

कॉफीतले आणि चहातले काही घटक लोहाला पोटातच धरून ठेवतात. गोळी जाते, लोह रक्तात उतरत नाही. रोज, न चुकता, जीभ तपासून दिलेली गोळी रोज, न चुकता बऱ्याच अंशी वाया जात होती.

मी ते तिथेच सांगितलं. जमेल तितकं साधं करून. पडवीत बोटं थांबली. गंगाक्का पेला हातात धरून उभी होती.

"म्हंजी मीच?" ती म्हणाली.

"तुम्ही नाही, गंगाक्का. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. गोळीच्या पाकिटावर तरी कुठं लिहिलंय?"

"आता?"

"रात्री झोपताना द्या. लिंबूपाण्याबरोबर. कॉफी घ्यायची तर तासा-दोन तासांचं अंतर ठेवून, आणि एकच पेला."

"मला कॉफी नगोच," रेणुका म्हणाली. मग जरा थांबून, "पन भूक लागती वो कॉफी न्हाय घेतली तर."

हेच सगळ्यात खरं वाक्य होतं. मी शेंगदाणे, गूळ आणि तिळाचा लाडू सुचवला आणि तो चमच्यानं फोडून खा म्हटलं. पडवी हसली. "आमी काय सायबीण हाय चमच्यानं खायाला?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "रेणुके, काटा पन माग गं." पण गंगाक्कानं त्याच दिवशी दुकानातून चमचा आणला.

त्या दुपारी दवाखान्यात मी डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा मला आनंद झाला होता हे लपवून काय उपयोग? महिनोन्महिने कोडं असतं आणि ते एका पेल्यात सापडतं, असं या कामात क्वचित घडतं. डॉक्टरबाईंनाही बरं वाटलं. पण त्या म्हणाल्या, "आता गोळीवर अवलंबून राहण्याइतका वेळ नाहीये. शिरेतून लोह द्यावं लागेल. बेळगावला पाठवू. आणि बाळंतपणही तिथंच. रक्तपेढी हाताशी पाहिजे."

नवऱ्याला बोलावून घेतलं. संतोष. हायवेवर ट्रक चालवतो. आला तो हसतमुख, गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवत. इंजेक्शनांसाठी बेळगावला काही फेऱ्या माराव्या लागतील, रेणुकाबरोबर कुणीतरी लागेल, हे डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"पन मॅडमना सापडलं न्हवं कारन?" त्यानं माझ्याकडे हात केला. "कॉफी. ती तर बंद केली आमी. त्याच दिवशी."

"ते चांगलंच केलं. पण आधीची तूट भरून काढायची आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आता गोळी लागू पडंल की. बघू या म्हैनाभर."

महिन्यानं रक्त पुन्हा तपासलं. आकडा वाढला होता. थोडासाच, पण वाढला होता. मला वाटतं, तो वाढला नसता तर बरं झालं असतं. संतोषनं तो कागद हातात घेतला आणि आईला दाखवला. "बघ. चढायलंय. कॉफीच वाईट हुती."

डॉक्टरबाईंनी परत सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. मी शेजारी होते, मीही सांगितलं, माझ्या आवाजात, जो फार लांब जात नाही. गंगाक्का म्हणाली, "जाऊ या रं संत्या. मी जातो तिच्यासंगट. तू गाडीवर जा." तो म्हणाला, "तू गेलीस, ती गेली, मग घरात विड्या कोन वळनार? पुढच्या हप्त्याला बघू." एक कारण सापडलं की माणसाला बाकीची कारणं दिसेनाशी होतात. पहिलं मूल गेल्यावर अंग भरून यायच्या आत दुसरं राहणं, दिवसभर उपाशी बसणं, लग्नाच्या आधीपासून चालत आलेली रक्ताची कमी, या कशालाही पेल्यासारखा आकार नव्हता. कॉफी दिसत होती. ती काढून टाकता येत होती. काढून टाकली होती.

पुढचा हप्ता आला नाही. त्यापुढच्या बुधवारी यादीत रेणुकाचं नाव होतं. मी पुकारलं. कुणी उठलं नाही. परत पुकारलं. बाकावरची एक बाई, पडवीत काट्याचा विनोद करणारी, ती म्हणाली, "ती गेली वो मॅडम. सनिवारी."

वेळेआधी कळा सुरू झाल्या होत्या. जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, लहान पण जिवंत. मग रक्त थांबेना. तिथं रक्त नव्हतं. कोल्हापूरला न्यायला निघाले आणि वाटेत संपलं. एवढंच मला सांगितलं गेलं आणि एवढंच मला माहीत आहे. मी पुढचं नाव पुकारलं. दुसरं काय करणार?

गंगाक्का दीड-दोन महिन्यांनी आली. मांडीवर नात. वरच्या दुधाचं विचारायला. मी पावडरचं दूध कसं कालवायचं, बाटलीऐवजी वाटी-चमचा का वापरायचा, हे सांगितलं. तिनं एकदाही मान वर केली नाही. शेवटी मीच विचारलं, "घरी कसं आहे?"

"बरं हाय." मग म्हणाली, "गल्ली कॉफी घेत न्हाय माझ्या हातची. माझी पाळी आली की त्या म्हनत्यात, आज नगो, पोटात कसंतरी व्हतंय. तेराव्याला संत्या सगळ्यांसमोर म्हनला, आई, तुझ्या कॉफीनं खाल्ली तिला."

मला राग आला. माझा राग सहसा बाहेर येत नाही, तेव्हाही आला नाही, पण मी म्हणाले, "हे खरं नाही. इंजेक्शनं घ्यायला सांगितली होती. दोनदा सांगितली होती. मी बोलते संतोषशी."

तिनं माझं मनगट धरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा हात मला लागला. बोटं खरखरीत होती.

"नगो. त्येला न्हाय सांगायचं. त्येला ही पोर वाढवायची हाय. त्येच्या डोक्यात ह्ये घुसलं तर तो गाडी कुठंतरी घालंल, नाय तर पियाला लागंल. माजं काय? मी म्हातारी. माज्यावर ऱ्हाऊ दे."

"पण गल्लीत…"

"कॉफीवर ऱ्हाऊ दे, मॅडम. कॉफीला काय व्हतंय?"

मी हो म्हणाले. गप्प बसणं मला जमतं. आणि खरं सांगायचं तर त्याचा एक उपयोग होतानाही मी बघत होते. त्या गल्लीत आता एकही बाई गोळी कॉफीबरोबर घेत नव्हती. आम्ही भिंतीवर लावलेल्या तक्त्यांनी जे झालं नसतं ते रेणुकाच्या मरणानं झालं होतं. मी स्वतःला तसं समजावलं.

मग मंगल आली. त्याच गल्लीतली, त्याच पडवीतली. सातवा महिना, चेहरा तसाच पांढरा. गंगाक्काच घेऊन आली होती, नात खांद्यावर टाकून. गल्ली तिच्या हातची कॉफी घेत नव्हती, पण दवाखान्यात न्यायला अजून तीच लागत होती. बरोबर मंगलचा नवरा, गॅरेजमध्ये काम करणारा. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि माझ्यासमोरच म्हणाल्या, शिरेतून लोह द्यावं लागेल, बेळगावला.

"पन ही कॉफी घेतच न्हाय," नवरा म्हणाला. "एक थेंब न्हाय. मी घरात पुडीच आनू देत न्हाय." आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, तुमीच सांगितलंय न्हवं? संत्याची बायको कॉफीनं गेली. ही घेत न्हाय. मग हिला सुई कशाला?"

खोलीत माझ्याशिवाय चार माणसं होती आणि एक तान्हं मूल. मंगल खाली बघत होती. डॉक्टरबाई काहीतरी लिहीत होत्या. गंगाक्का माझ्याकडे बघत होती आणि माझ्याकडून तिला काय हवं होतं ते तिच्या डोळ्यांत लख्ख दिसत होतं. मी मंगलच्या नखांकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "रेणुका कॉफीनं गेली नाही."

"आँ?"

"कॉफीनं गोळी लागू पडत नव्हती, ते खरं. पण ते वेळेत कळलं होतं. तिलाही हीच इंजेक्शनं सांगितली होती. ती घेतली नाहीत. म्हणून गेली."

माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्या आवाजात बोललेली मला आठवत नाही. बाहेर बाकावरही ऐकू गेलं असणार. नवरा गंगाक्काकडे बघायला लागला. गंगाक्कानं नातीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मला वाटलं ती उठून जाईल, किंवा मला शिवी देईल. दिली असती तर मला चाललं असतं.

"ऐकलास न्हवं?" ती त्याला म्हणाली. "मालकाला सुट्टी माग. आत्ता फोन लाव. माज्यासमोर."

त्यानं लावला.

ती दोघं चिठ्ठी घेऊन गेल्यावर गंगाक्का दारात थांबली. "आता संत्याच्या कानावर जानारच, मॅडम. गल्ली हाय ती. दुसऱ्याच्या तोंडनं कळायच्या आदी मीच सांगतो."

"मी येऊ का?"

"तुमी नगो," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. तेवढ्यानं मला बरं वाटलं नाही.

मंगल बेळगावला आली. इंजेक्शनं माझ्याच रुग्णालयात घेतली. प्रत्येक वेळी मी वॉर्डात जाऊन सलाईन संपेपर्यंत तिच्याजवळ बसायचे. आम्ही विशेष काही बोललो नाही. तिचं बाळंतपण सुखरूप झालं. हे मी समतोल साधायला म्हणून सांगत नाही. एक बाई वाचली म्हणजे दुसरीचं काही फिटतं, असं मला वाटत नाही, आणि मंगललाही वाटत नाही. रेणुकाला जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून तिनं मुलाचं बारसं केलं नाही.

गंगाक्का नंतर बरेच बुधवार आली नाही. मी दर बुधवारी बाकाकडे बघायचे. एका बुधवारी आली. एकटीच, नातीला घेऊन. नात आता मान धरत होती आणि माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे टक लावून बघत होती.

"सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"घरात येतो. जेवतो. पोरीला घेतो. माज्यासंगं बोलत न्हाय." तिनं नातीच्या तोंडाची लाळ पुसली. "गाडी सोडली न्हाय. पियाला पन लागला न्हाय. बोलत न्हाय, एवढंच."

मी मुलीचं वजन केलं. वयाच्या मानानं कमी होतं, पण मागच्यापेक्षा वाढलं होतं. वेळेआधी जन्मलेल्या मुलांना लोहाचे थेंब देतात. डॉक्टरबाईंनी तेच लिहून दिले होते. मी बाटली गंगाक्काच्या हातात दिली आणि किती थेंब, किती वेळा, हे सांगायला सुरुवात केली.

तिनं मला हातानं थांबवलं.

"त्ये मागनं सांगा," ती म्हणाली. "कशाबरुबर द्यायचं न्हाय, त्ये आदी सांगा."